चोराचें सूत

श्रोतेहो, जहाजावरील दोरासंबंधींच्या एका जुन्या शब्दाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. इंग्रज नाविकांच्या बोलींत 'रोग्ज यार्न' असा एक शब्द आहे. येथील 'रोग' म्हणजे व्याधि नव्हे, तर लुच्चा मनुष्य. आणि 'यार्न' म्हणजे सूत. शब्दशः 'चोराचें सूत'!

दोर कसा वळतात हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. तंतूंचें सूत, अनेक सुतांचा पेड आणि तीन पेडांचा दोर. सुताच्या उलट दिशेस पेडाला पीळ देतात व पेडाच्या उलट दिशेस दोराला. या परस्परविरोधामुळेंच दोर उलगडत नाहीं. इंग्लंडच्या राजाच्या आरमारी दोरांत मात्र प्रत्येक पेडाच्या मध्यभागीं इतर सुतांहून उलट्या पिळाचें एक सूत घालीत. विल्यम फॉल्कनरच्या १७६९ सालच्या नाविक कोशांत ही रीत नोंदलेली आहे. पुढें हें सूत रंगीतहि असे.

याचें कारण चोरी. लांकडावरची खूण तासून टाकतां येते. परंतु पेडाच्या गाभ्यांतील सूत काढावयाचें, तर सारा दोरच उकलावा लागतो, आणि मग चोरलेला माल मातीमोल होतो. वीतभर तुकडा सांपडला तरी त्याचा धनी ओळखूं येई. १६९८ च्या कायद्यानें तीन इंच वा अधिक घेराच्या दोरांत उलट्या पिळाचें पांढरें सूत घालण्यास, सरकारी मक्तेदारांखेरीज इतरांना बंदी केली होती.

जर्मन कवि गटे यानें १८०९ सालच्या आपल्या एका कादंबरींत याच सुताचा दृष्टांत घेतला. आरमारी दोरांतून जसें तांबडें सूत अखंड जातें, तसा नायिकेच्या रोजनिशींतून प्रेमाचा धागा जातो, असें त्यानें म्हटलें. तेव्हांपासून जर्मन भाषेंत 'तांबडा धागा' म्हणजे विषयाचें अखंड सूत्र. आपणहि व्याख्यानाचें 'सूत्र' म्हणतोंच!

एकच सूत, इंग्रजांनीं त्यास संशयाचें नांव दिलें, गटेनें त्यांत एकत्व पाहिलें. म्हणून हा शब्द मराठींत आणणारानें 'चोराचें सूत' एवढ्यावर थांबूं नये. तें सूत चोराचें नव्हे; चोरास उघडें पाडणारें आहे. त्याला 'खुणेचें सूत' म्हणावें, हेंच त्याच्या कामास शोभतें.