आग्रह कशाचा करावा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'बाहेरचे जेवण आणि घरचे पाहुणे' हा विषय मला देण्यात आला आहे. विषय घरगुती खरा, पण हलका नाही. पाहुण्याला पोटभर जेवू घालण्यात गृहिणीची प्रतिष्ठा आहे, असे आपण मानतो. त्यामुळे 'आग्रह आवरा' म्हटले की वाटते, ही बाई कद्रूपणा शिकवायला आली! तसे नाही. आग्रह जरूर करावा. फक्त कशाचा, ते ठरवावे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे दहा प्रौढांची पंगत बसली, तर सरासरीने त्यांत एक तरी मधुमेही असतोच. त्याने हात आडवा धरला असता, 'माझी शपथ आहे' म्हणत श्रीखंड वाढणे ही माया नव्हे.

त्याहून गंभीर गोष्ट वेळेची. आमंत्रण साडेबाराचे आणि पाने मांडायची दोनला, ही आपली रीत! इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन आलेल्या माणसाच्या हा उशीर जिवावर बेतू शकतो. घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर फार उतरली असे समजावे. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे. पण ही पाळी येऊच नये म्हणून बोलावतानाच विचारावे, "काही पथ्य आहे का? जेवण किती वाजता लागते?" यात संकोच कसला?

आता पानाकडे वळू. आपल्या पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मांडणी उत्तमच आहे. प्रमाण तेवढे बदलू या. कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर वाढावी. मोडाची उसळ आणि पालेभाजी यांचा मनसोक्त आग्रह करावा. गोड एकच, तळण एकच. कोथिंबिरीची वडी उकडलेलीही रुचकर लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ते झाले सपाट चमचाभर! पापड, लोणचे, फरसाण यांतच त्याचा बराच हिस्सा संपतो. शिवाय पंगत उठल्यावर उरलेले शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे.

बाहेर जेवताना मुख्य नियम एकच: कडकडून भूक लागेपर्यंत थांबून हॉटेल गाठू नये. तसे गेले की जेवण येण्याआधीच मसाला पापड आणि भजी फस्त होतात. मिसळ मागवावी, पण तर्री आणि फरसाण वेगळे द्यायला सांगावे. उसळ पौष्टिकच आहे. लोणी लावलेल्या नानऐवजी तंदुरी रोटी घ्यावी. पदार्थ वाटून घ्यावेत, उरले ते बांधून आणावे. चिरून उघड्यावर ठेवलेली फळे मात्र टाळावीत. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना जुलै २०२२ पासून पदार्थांसमोर उष्मांक छापणे बंधनकारक आहे. किमतीबरोबर तो आकडाही वाचावा.

शेवटी एक गोष्ट आपल्याविषयी. सर्वांना वाढून झाल्यावर बसणारी बाई काय जेवते? पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी आणि गार पोळी! २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण शेवटची पंगत त्याला हातभारच लावते. म्हणून भांडी मधोमध ठेवावीत, घरच्या पुरुषांनीही वाढावे आणि यजमानीणबाईने पाहुण्यांबरोबरच बसावे. भगिनींनो, एवढा एक आग्रह आजपासून स्वतःलाही करा.