पट्टी चांगली आली, मग पुढे?

नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत रात्री-अपरात्री एक प्रश्न हमखास कानावर येतो : "डॉक्टरसाब, पट्टी चांगली आली म्हणता, मग जीव कामून जायलाय?"

पट्टी म्हणजे ईसीजी. विचारणारा बहुधा विशी-तिशीतला. छाती धडधडतेय, गळ्याशी दाटून आलंय, हातापायांना मुंग्या, दरदरून घाम, आणि आपण आता मरणार याची पक्की खात्री. सोबतच्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेलं असतं. पट्टी निघते, रक्त तपासतात, सगळं ठीक. मग गॅसची गोळी, एक सलाईन आणि "काही नाही, मनावर घेऊ नका." पंधरा दिवसांनी तोच माणूस दुसऱ्या दवाखान्यात. मग इको, मग हैदराबाद. मधल्या काळात घरी कुणीतरी लिंबू उतरवून टाकलेलं असतं.

"काही नाही" हे निदान नव्हे, हे सांगायला मी इथे उभा आहे.

धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा ज्यांचं काळीज धडधडलं आणि जे अंगणाकडे धावले, त्यांच्या शरीराने योग्य तेच केलं. दवाखान्यात आणलेल्या त्या माणसाला येतो तो पॅनिक अटॅक. त्यात जमीन जागेवर असते, शरीर मात्र भूकंप झाल्यासारखं वागतं. श्वास जोरजोरात चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यानेच मुंग्या येतात, बोटं आखडतात, चक्कर येते. धडधड खरी असते, नाटक नसतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. सलाईनची बाटली संपायलाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून गुण सलाईनच्या नावावर जमा होतो! पुन्हा झटका येईल या धास्तीने माणूस बाजार, एसटी, एकट्याने शेतात जाणं सोडतो, तेव्हा पॅनिक डिसऑर्डरने त्याचा संसार व्यापलेला असतो.

आजार नवा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशी धडधड डॉ. दा कोस्टा यांनी 1871 मध्ये नोंदवली.

पण छातीत पहिल्यांदा दुखलं तर ते मनाचंच असेल असं घरी ठरवू नका. आधी हृदय तपासा. मधुमेह्यांत आणि बायकांत हृदयविकार वेगळ्याच खुणांनी येऊ शकतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

आता औषध. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळ्या पॅनिकवरही चालतात. घरचे पाकिटातला कागद वाचतात आणि म्हणतात, ही तर वेड्याची गोळी. त्यात पहिले काही दिवस मळमळ, बेचैनी वाढू शकते, म्हणून डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरेच जण नेमकी तेवढ्यातच गोळी टाकून देतात. बरं वाटल्यावरही ती काही महिने, बहुधा वर्षभर चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची. सवय लागते ती अल्प्राझोलाम या घबराट शमवणाऱ्या गोळीची, जी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणून वर्षानुवर्षं घेतली जाते. तिची मला खरी काळजी वाटते. तीही एकदम बंद करू नका.

हृदयरोग असणाऱ्यांचं काय? सर्ट्रालिनची हृदयविकाराच्या रुग्णांवर चाचणी झाली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीच्या निष्कर्षांत ही गोळी सुरक्षित दिसली. इमिप्रामिन या जुन्या गोळीबद्दल तसं म्हणता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गोळीच्या जोडीने वर्तनोपचारही होतो : धडधडीला न घाबरता थोडं थोडं बाजारात जायला शिकवतात.

नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, चोवीस तास, फुकट बोलता येतं. शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी हा क्रमांक मुलांच्या फोनमध्ये आजच घालून द्यावा.