खिडकींतील मांजर

एक पांढरें मांजर खिडकींत अंग आखडून बसलें आहे. गजांपलीकडे भाताचीं शेतें पसरलीं आहेत. सांज उतरत आहे. क्षितिजावर फुजी पर्वताचें शिखर आणि आकाशांत पक्ष्यांचा थवा. खोलींत माणूस दिसत नाहीं. एवढाच देखावा श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा.

जपानी चित्रकार हिरोशिगे याचें हें चित्र १८५७ सालचें. एदो, म्हणजे आजचें टोकियो, या नगराच्या प्रसिद्ध स्थळांची जी चित्रमाला त्यानें १८५६ सालीं आरंभिली, तींतील हें एक. पुढच्याच वर्षीं, १८५८ त, तो वारला. हें चित्र लांकडी ठशाचें आहे. चित्रकाराची आकृति चेरीच्या फळीवर चिकटवावयाची, कोरणाऱ्यानें रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचें लांकूड काढून टाकावयाचें, निरनिराळ्या रंगांसाठीं निरनिराळ्या फळ्या करावयाच्या, आणि छापणाऱ्यानें ओलसर कागद त्यांवर एकामागून एक ठेवून पाठीमागून घांसावयाचा. यामुळें अशीं चित्रें सामान्य नागरिकासही विकत घेतां येत.

आतां दृष्टि पुन्हां खोलींत वळवावी. खिडकीपाशीं पाण्याचें भांडें व हात पुसावयाचा पंचा आहे. जमिनीवर केसांत खोंवावयाच्या नव्या कांट्या पडल्या आहेत. त्यांचा आकार दंताळ्यासारखा. डावीकडे पडद्याची नुसती कड दिसते. दूर शेतांतून माणसांची बारीक रांग चालली आहे, ती कोंबड्याच्या दिवशीं भरणाऱ्या जत्रेची. त्या जत्रेंत दंताळें विकत घेतात. वर्षभराचें भाग्य त्यानें ओढून आणतां येतें, अशी श्रद्धा.

परंतु ही खिडकी योशिवारा या गणिकांच्या वस्तींतील आहे. वस्तीभोंवतीं खंदक होता. कर्जापायीं तेथें आणलेल्या मुलींना मुदत भरेपर्यंत मनास येईल तेव्हां बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. जत्रेच्या त्या कांट्या कोणीतरी बाहेरून आणून दिल्या असाव्यात.

हें कळल्यावर मांजर तेंच राहतें, पण पाहणारा तोच राहत नाहीं. हिरोशिगेनें त्या स्त्रीचें मुख दाखविलें नाहीं, कीं तिचे अश्रु रंगविले नाहींत. त्यानें तिला पडद्याआड राहूं दिलें, आणि जत्रेची वाट पाहावयास मांजराला खिडकींत बसविलें. मनांत आणील तर तें गजांमधून सहज निघून जाईल.