गोळी सोडणाऱ्याचं ऐका



डॉक्टरांच्या या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून आज एकाच विषयावर बोलते. झोपेची किंवा ‘टेन्शनची’ गोळी आपण थोड्या दिवसांसाठी लिहून देतो आणि पेशंट ती वर्षानुवर्षं घेत राहतो. ती सोडताना त्याला काय सोसावं लागतं, हे त्याच्याच तोंडून ऐकावं आणि त्यावरून डोस कमी करण्याचा वेग ठरवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

या गोळ्यांपैकी क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आलं आणि डायझेपाम १९६३ साली. त्याआधीच्या बार्बिट्युरेट्सपेक्षा ही औषधं सुरक्षित होती, म्हणून ती सढळ हातानं दिली गेली. गोळी सोडताना त्रास होतो, असं रुग्ण सांगत. ‘तुमचा जुनाच आजार उलटलाय’, असं म्हणून त्यांची बोळवण होई. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास अशा रुग्णांसाठी क्लिनिक चालवलं. तीनशेहून अधिक जणांच्या हकिकती त्यांनी ऐकल्या आणि गोळी हळूहळू कशी सोडावी, याची पुस्तिका त्या अनुभवातून लिहिली. आपल्याला बरंचसं ज्ञान रुग्णांनीच दिलं, हे त्यांनी मोकळेपणानं नोंदवलं आहे.

आपल्या ओपीडीतही हेच ऐकू येतं. ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.’ ‘कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नाही.’ ‘अंगातून करंट गेल्यासारखं होतं.’ आवाज आणि उजेड असह्य होणं, झटके बसल्यासारखं वाटणं, या तक्रारी गोळी सुरू होण्याआधी होत्या का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. नव्हत्या, तर तो मूळचा आजार नसून औषध सुटतानाचा त्रास असण्याची शक्यता मोठी. मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम या गोळ्या वाढवतात. दीर्घकाळ घेतल्यावर मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतो. गोळी एकदम बंद केली की उत्तेजना आवरत नाही. आकडी येऊ शकते, प्रसंगी जिवावर बेततं.

असं एकाएकी बंद होणं बहुतेकदा नकळत घडतं. घरचे काळजीपोटी पाकीट लपवून ठेवतात. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या आजोबांच्या गोळीची कुणी नोंदच घेत नाही आणि दोन-तीन दिवसांत ते बरळू लागतात. आपल्याकडे यांतली अनेक औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती मिळू नयेत, हे योग्यच. पण ज्याचा डॉक्टर गावाला गेला आहे आणि चिठ्ठी संपली आहे, त्याला आपण वाऱ्यावर सोडता कामा नये.

२०२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्क्यांनी कमी करावा आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कपात करू नये. त्रास वाढला तर तिथेच थांबावं. पुष्कळांना शेवटची पाव गोळीच सर्वांत जड जाते; तिथे घाई नको. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना धोके आणि सोडण्याची रीत समजावणारी पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांत त्यांतल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. रुग्णाला नीट समजावलं तर तो स्वतः पाऊल उचलतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं दाखवलं.

म्हणून या अधिवेशनातून तीन गोष्टी ठरवून जाऊ या. पहिल्याच चिठ्ठीवर गोळी कधी थांबवायची ती तारीख लिहू. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला झोपेच्या गोळीबद्दल विचारू. आणि जुन्या पेशंटसाठी डोस उतरवण्याचा तक्ता साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्याच्याशी बोलून तयार करू. रोजचा त्रास लिहायला त्यात जागा ठेवू. गोळी आपण सुरू केली आहे, तेव्हा ती सुटेपर्यंत सोबत राहणं हे आपलं कर्तव्य आहे.