प्रत आणि प्रामाण्य : विखुरलेल्या शोधयंत्रणेतील माहितीचे रक्षण



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींना अभिवादन करून मी विषयास आरंभ करतो.

ग्रंथ टिकवायचा तर त्याच्या प्रती कराव्या लागतात. परंतु प्रती वाढल्या की पाठभेदही वाढतात. म्हणूनच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. टिकणे आणि प्रमाण ठरणे हे दोन प्रश्न निराळे आहेत. आजच्या संगणकीय शोधयंत्रणेपुढेही तेच उभे आहेत.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या इलॅस्टिकसर्चचे उदाहरण घेऊ. एका संगणकात न मावणारा संग्रह येथे ‘शार्ड’ नावाच्या खंडांत विभागून अनेक संगणकांवर ठेवतात. प्रत्येक मूळ खंडाची एक वा अधिक प्रतिकृती असते. मूळ खंड आणि त्याची प्रतिकृती एकाच संगणकावर ठेवायची नाही, हा यंत्रणेचा नियम. संगणक एकच असेल तर प्रतिकृतीस जागाच मिळत नाही आणि यंत्रणा पिवळी खूण दाखवते. शोध चालूच राहतो, म्हणून त्या खुणेकडे दुर्लक्ष होते. त्यानंतर तो संगणक बिघडला, तर हाती काहीच उरत नाही. दोन संगणक एकाच कपाटात, एकाच वीजजोडणीवर असले, तरी धोका फारसा टळत नाही.

नवी नोंद प्रथम मूळ खंडात होते, मग अद्ययावत असलेल्या प्रतिकृतींकडे जाते. त्यांचा होकार आल्यावरच पोच मिळते. मूळ खंड नष्ट झाला, तर अशाच एका प्रतिकृतीला मूळपद दिले जाते.

आता प्रामाण्याचा प्रश्न. संगणकांमधील संपर्क तुटून दोन गट पडले आणि दोहोंनी आपापला प्रमुख निवडला, तर दोन्हीकडे निरनिराळ्या नोंदी होतील. संपर्क पुन्हा जुळल्यावर एका बाजूच्या नोंदी गमवाव्या लागतील. यावर उपाय बहुमताचा. निवडीचा अधिकार असलेले तीन संगणक असावेत आणि दोघांच्या संमतीवाचून प्रमुख ठरू नये. पूर्वी ही संख्या चालकाने स्वतः नेमून द्यावी लागे आणि तेथे चूक होई. २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून यंत्रणाच ती सांभाळते. दोनच संगणक ठेवले, तर एक गेल्यावर उरलेल्याला बहुमत सिद्ध करता येईलच, याची खात्री नसते.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रतिकृती आज्ञाधारक असते. कोणी चुकून संग्रह पुसला, तर तीही तत्काळ पुसली जाते. यंत्राच्या बिघाडापासून ती वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. त्यासाठी ठरावीक काळाने ‘स्नॅपशॉट’ घेऊन तो यंत्रणेबाहेर, स्वतंत्र ठिकाणी ठेवावा लागतो. आणि त्यातून संग्रह पुन्हा उभा करून पाहिल्याशिवाय तो उपयोगी आहे असे मानू नये.

आपल्यापैकी अनेकजण ग्रंथालये, पतपेढ्या, रुग्णालये चालवतात. तेथील नोंदी ज्यांच्या हाती आहेत, त्यांना तीन प्रश्न अवश्य विचारा : प्रत कोठे आहे? मतभेद झाल्यास प्रमाण कोणते? आणि कालची प्रत आज परत मिळेल का? किती प्रती आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.