अक्षराविना उभे राहिलेले नेतृत्व : जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे ग्रंथांची जोपासना करणाऱ्या या वास्तूत, ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता अशा स्त्रियांविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु हा विषय इंदूरकरांना परका नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली ज्या चौंडी गावी झाला, ते गाव पूर्वी नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. होळकरांच्या राज्याला कर्ती राज्यकर्ती देणाऱ्या या मुलखात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य शेतमजूर स्त्रियांनी जे नेतृत्व उभे केले, त्याचा परिचय करून देण्याचा आज माझा मानस आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांचे वैद्यकीय शिक्षण झाले होते. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला होता. तालुका अवर्षणाचा. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली तेथे जिवंत जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आतच दगावत. जुलाब, कुपोषण, बाळंतपणात शिरणारा धनुर्वात ही कारणे अशी, की त्यांच्यावर केवळ रुग्णालय बांधून उपाय होत नाही. मूल रुग्णालयाच्या दारात येईपर्यंत बहुधा वेळ टळून गेलेली असे. इलाज गावातच, घरातच व्हायला हवा होता.

प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले. तो प्रयत्न फसला. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या तरुण परिचारिकेला सुरक्षित वाटत नसे आणि गावालाही ती आपली वाटत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असा विचार पुढे आला. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. अनेकजणी दलित वस्तीतल्या होत्या. काहींना स्वतःचे नाव सांगतानाही संकोच वाटे, कारण आयुष्यभर त्या कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी आई एवढ्याच ओळखीने वावरल्या होत्या. म्हणून शिक्षणाचा आरंभ शरीरशास्त्राने न होता स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्याने झाला.

या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत आणि मुक्कामाला राहत. चित्रे, गाणी, प्रात्यक्षिके आणि पुन्हा पुन्हा उजळणी, ही त्यांची शाळा. आलेली प्रत्येकजण आपल्या गावात आठवडाभरात काय घडले ते सांगे आणि इतरजणी त्यावर बोलत. रात्री निजण्याचा प्रश्न आला. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया शेजारी निजायला बिचकत. तेव्हा पांघरुणे एकमेकांना जोडून शिवण्यात आली आणि सर्वजणी त्याच एका पांघरुणाखाली निजू लागल्या. जातिनिर्मूलनावरील व्याख्यानांनी जे साधत नाही, ते कधी कधी सुई-दोऱ्याने साधते.

गावी परतल्यावर ती बाई घरोघर जाई. गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ साधनांनी बाळंतपण, बालकाचे वजन, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, क्षय व कुष्ठरोग्यांचा शोध, कुटुंबनियोजनाचा सल्ला अशी तिची कामे होती. ती पगारी नोकर नव्हती. तिचा अधिकार कुठल्या हुकुमातून आलेला नव्हता. जिचा स्पर्शही उच्चवर्णीय घरांनी टाळला असता, तिच्याच हातून त्या घरची बाळंतपणे होऊ लागली, ती तिचे ज्ञान उपयोगी पडले म्हणून.

हे नेतृत्व सहजासहजी मिळाले, असे मात्र समजू नये. गावात शिरकाव व्हावा म्हणून आरोळे दांपत्याने प्रथम पुरुषांना जवळ केले. व्हॉलीबॉलच्या खेळाच्या निमित्ताने तरुण जमले आणि त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. स्त्रियांची मंडळे नंतर आली. म्हणजे आरंभी पुरुषांच्या संमतीचा उंबरठा ओलांडावाच लागला. पण पुढे आरोग्य कार्यकर्तीभोवती महिला विकास मंडळे आकाराला आली. बचत, लहानसहान व्यवसायांसाठी कर्ज, झाडे लावणे, गावची स्वच्छता हे विषय स्त्रिया स्वतः हाताळू लागल्या.

परिणाम आकड्यांत सांगता येतो. १९७१ साली १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण १९७६ साली ५२वर आले आणि १९९६ साली २६ होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली निवर्तले. काम मात्र थांबले नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आली. गावातलीच बाई गावाचे आरोग्य सांभाळील, हे तत्त्व देशभर मान्य झाले. पण त्या योजनेत आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवली गेली. ही अपेक्षा गैर नाही. नोंदी ठेवायच्या तर लिहिता यावेच लागते. तरीही मनात येते, की हीच अट १९७० नंतरच्या त्या वर्षांत जामखेडला असती, तर त्यांपैकी किती स्त्रिया उंबऱ्याच्या आतच राहिल्या असत्या?

मी निरक्षरतेचा गौरव करीत नाही. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून तो करणे हा अपराधच ठरेल. मला सांगायचे आहे ते वेगळेच. जामखेडला डॉक्टरांनी आपले ज्ञान स्वतःपाशी राखून ठेवले नाही. ‘हे तुम्हांला कळणार नाही’ असे त्यांनी कुणालाही सांगितले नाही. नेतृत्व त्या स्त्रियांत होतेच; ज्ञानाची वाट मोकळी झाली, तेव्हा ते दिसू लागले. ग्रामीण स्त्रियांच्या संघटना उभारताना आपण प्रथम अध्यक्षा, कार्यवाह, घटना आणि शिक्का यांचा विचार करतो. तेथे प्रथम विचार झाला तो शिकवण्याचा.

ग्रंथालयाचेही काम हेच नव्हे काय? आपल्या परंपरेत पोथी एकजण वाची आणि ओसरीभर माणसे ऐकत. ऐकणाऱ्याला अक्षरओळख आहे की नाही, हे कुणी विचारीत नसे. शताब्दीच्या वर्षात आपल्या सभासद भगिनींपैकी काहींनी आठवड्यातून एक दुपार काढावी, शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि जवळच्या खेड्यांत जावे, आणि बाळंतपण, आहार, बँकेचे व्यवहार, स्त्रियांचे कायदेशीर हक्क यांवरची सोपी पुस्तके तेथील स्त्रियांना वाचून दाखवावीत. ऐकणाऱ्या माळवी किंवा हिंदी बोलत असतील, तर त्यांच्याच भाषेत समजावून सांगावे. मग त्यांचे प्रश्न ऐकावेत आणि पुढच्या खेपेला त्या प्रश्नांचीच पुस्तके न्यावीत. दहा भगिनी पुढे आल्या, तरी आरंभाला पुरेशा आहेत.