चिंध्यांतून ऑस्करपर्यंत



आपल्या कोळारात एखादी पोर चिंध्या जमवून बाहुलीला लुगडं नेसवू लागली की आम्ही मोठी माणसं म्हणतो, "आधी अभ्यास कर." डिप्लोमा करून सरकारी नोकरीत चिकटलेल्या आम्हाला कापडात पोटापाण्याची सोय दिसत नाही.

म्हणून आज भानू अथय्यांचं नाव घेतो. १९२९ साली कोल्हापुरात, राजोपाध्ये घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते लवकर गेले, पण लेकीचा हात चित्रावरून सुटला नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली. पुढे १९५६च्या 'सी.आय.डी.'सारख्या चित्रपटांची वेशभूषा केली. १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय! तोही झगमगाटाला नव्हे. धोतर, खादी, साध्या साडीला.

कोण काय नेसतं, कसं नेसतं, हे बघणं हाही अभ्यासच आहे. तेव्हा पोरीच्या हातातली चिंधी ओढून घेऊ नका. वही-पेन्सिल द्या आणि आजीच्या इरकलीचा काठ काढायला बसवा. पुढचं बाप्पा बघेल.